तोफवाल्यांचा लहान कॅमेरा

माझं फ्रेमचं दुकान आहे. काच कापायची, लाकडाच्या पट्ट्या जोडायच्या, मागे पुठ्ठा ठोकायचा. त्यामुळे शहरातले बहुतेक फोटोग्राफर कधी ना कधी माझ्या बाकड्यावर येऊन टेकतात. त्यांत सगळ्यांत नियमित तोफवाले. हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता आठवत नाही, पण ते शोभायचं. गळ्यात दोन कॅमेरे, एकाला हातभर लांब लेन्स, खांद्यावर पोत्याएवढी काळी बॅग, पाठीला स्टँड. दुकानात शिरताना आधी बॅग आत यायची, मग आडवे होऊन ते. कार्यक्रमात ते उभे राहिले की मागच्या तीन खुर्च्यांना स्टेज दिसायचं नाही. कुणी कुरकुरलंच तर ते असे काही वळून बघत, की तो माणूस मुकाट्यानं आपलीच खुर्ची सरकवून घ्यायचा.

माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, वेळेच्या आधी हजर. फक्त जीभ सैल होती आणि आम्ही हसणारे होतो.

त्यांचा एक किस्सा मी चार वर्षांत निदान पंधरा वेळा ऐकला असेल. एका मोठ्या शाळेचं वर्षभराचं काम निघालं होतं. मुख्याध्यापिकांनी दोन फोटोग्राफरना बोलावलं. एक तोफवाले, दुसऱ्या लॅबवाल्या ताई. या ताई चौदा वर्षं फोटोलॅबमध्ये प्रिंट काढायच्या. ती नोकरी सांभाळूनच हळूहळू स्वतः फोटो काढायला लागल्या, आणि त्यांच्याकडे एकच कॅमेरा होता, ओंजळीत मावेल एवढा. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर तो ठेवलेला बघून तोफवाल्यांनी तो तळहातावर घेतला, वर-खाली करून वजन केल्यासारखं केलं आणि ताईंकडे बघून म्हणाले, "बाई, हा तुमचा, की शाळेत कुणाचं खेळणं राहिलंय?" मुख्याध्यापिका हसल्या. काम तोफवाल्यांना मिळालं.

"आणि ती काय म्हणाली?" असं मी दर वेळी विचारायचो, कारण किश्शात तिथं असं विचारायचं असतं.

"काय म्हणणार? खेळणं उचललं आणि गेली."

मग आम्ही दोघं हसायचो. मीही. हे सांगून टाकलेलं बरं.

पुढे तोफवाल्यांचा उजवा खांदा बिघडला. आधी दुखायचा, मग बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग एके दिवशी चहाचा कप हातातून सुटला आणि चहा माझ्या नव्या कोऱ्या पुठ्ठ्यांवर पसरला. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. शीर दबली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय उचलता रोज?" तोफवाल्यांनी बॅग दाखवली. डॉक्टरांनी ती एका हातानं उचलून बघितली आणि खाली ठेवून म्हणाले, "हे बंद."

वहिनी आठवडाभर मागे लागल्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको, पोस्टात खिडकीवर असतात, एकच गोष्ट दहा जणांना दहा वेळा न चिडता सांगायची त्यांना सवय आहे. "अहो, आता लहान कॅमेरे चांगले येतात. सगळेच घेतात. त्यात लाजायचं काय?"

लाजायचं काय होतं ते वहिनींना माहीत नव्हतं. तो किस्सा तोफवाल्यांनी घरी कधी सांगितलेला नव्हता.

शेवटी त्यांनी लहान कॅमेरा घेतला, तोही या शहरातून नाही. दोन तास प्रवास करून, जिथं कुणी ओळखत नाही अशा दुकानातून. मला दाखवला तोही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, पिशवीतून, जणू काही चोरीचा माल. मी हातात घेतला. हलका, घट्ट, छान होता.

"छान आहे की," मी म्हणालो.

"हळू बोल."

त्यांनी बरेच उद्योग केले. कॅमेऱ्याला खालून एक जाड पकड बसवली, वर जुना मोठा फ्लॅश लावला, तरी तो लहानच दिसायचा. जुन्या कॅमेऱ्याचा आवाज कसा, खटाक्! चार रांगांपर्यंत जायचा. हा नुसता टिक करायचा. तो टिक त्यांना इतका झोंबला की त्यांनी आवाज बंदच करून टाकला. कॅमेऱ्यात तशी सोय असते. आणि काळी बॅग? ती तर लोकांच्या डोळ्यांत बसलेली. मग बॅगेत टॉवेल भरले. दोन जुने टॉवेल, एक उशी, आणि आकार नीट यावा म्हणून वहिनींचा लोकरीचा स्वेटर. चालताना ते मुद्दाम खांदा वाकवायचे.

अशा थाटात ते त्याच शाळेत गेले. मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या, त्यांचा निरोपसमारंभ होता. मोठा हॉल, वर दिव्यांच्या लांब पट्ट्या, चारशे खुर्च्या. पुढची गोष्ट तोफवाल्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितली. बाकड्यावर बसून, भुशाकडे बघत.

बॅग पहिल्या रांगेच्या वाटेत होती. शाळेच्या शिपायानं ती बाजूला ठेवायला दोन्ही हातांनी, पाय रोवून, जोर लावून उचलली. आणि ती इतकी हलकी निघाली की बिचारा मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. चेन अर्धी उघडी होती. उशी बाहेर आली आणि तिच्यामागून स्वेटरची एक बाही.

"साहेब," शिपाई म्हणाला, आणि तो अगदी साध्या मनानं विचारत होता, "मुक्कामाला आलात का?"

पहिल्या दोन रांगा शिक्षकांच्या. त्या खो खो हसल्या. तोफवाले गुडघ्यावर बसून उशी आत कोंबायला लागले तर चेन अडकली. हाताला मुंग्या आलेल्या, चेन धरताही येईना. तेवढ्यात मुख्याध्यापिका स्टेजवरून खाली आल्या, त्यांना वाटलं कुणी पडलं. त्यांनी उशी बघितली, मग तोफवाल्यांच्या गळ्यातला कॅमेरा बघितला. त्या हसल्या नाहीत.

"असाच होता ना हो त्या बाईंचा?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही खेळणं म्हणाला होतात."

तोफवाल्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"मी हसले होते," त्या म्हणाल्या. "नंतर मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी बाईंनी त्यांचे फोटो आणले होते दाखवायला. पाकीट माझ्या टेबलावर होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही. कुठे असतात त्या आता?"

"मला माहीत नाही," तोफवाले म्हणाले. हेही खोटं होतं. ताई कुठे असतात ते त्यांना चांगलं माहीत होतं.

त्यानंतर दोन तास त्यांनी फोटो काढले. डोळ्यांत पाणी की घाम हे त्यांनाही सांगता आलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी एकदाही बघितलं नाही. जे समोर येईल ते टिपत गेले, मान खाली घालून, आवाज न करता.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले तर प्रत्येकावर पट्टे. चेहऱ्यांवरून आडवे, करडे पट्टे, जाळीतून बघावं तसे. भाषणाचे, पुष्पगुच्छांचे, रडणाऱ्या मुलींचे, सगळ्यांवर. आवाज बंद ठेवला की हा कॅमेरा चित्र एकेक ओळ करून टिपतो, आणि असल्या दिव्यांची डोळ्यांना न दिसणारी लुकलुक पट्टे होऊन उमटते. नव्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. पण तोफवाल्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं म्हणजे कॅमेरा घेतलाय हे सांगायचं.

"तो टिक आवाज राहू दिला असता तर," ते म्हणाले.

"कोण काढेल हे पट्टे?" मी विचारलं.

आम्हा दोघांनाही एकच नाव माहीत होतं. लॅबमध्ये खराब फोटो सुधारायचं काम कोण करायचं, हे साऱ्या शहराला ठाऊक होतं.

ताईंची खोली बँकेमागच्या गल्लीत, जिन्याखाली. एक पांढरा पडदा, एक स्टूल, एक कॉम्प्युटर. ओळखपत्रांचे फोटो काढतात. तोफवाले दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा मी बरोबर गेलो. आत एक म्हातारे गृहस्थ फोटोसाठी बसले होते, म्हणून आम्ही बाहेर उभे राहिलो. ताई त्यांची कॉलर सारखी करत होत्या. गृहस्थ गेल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं. ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

"बोला."

तोफवाल्यांनी घसा खाकरला. त्यांनी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. "बाई, त्या दिवशी शाळेत मी जे बोललो… ते माझ्या मनाला फार लागून राहिलंय. मी माफी मागायला—"

"हातात काय आहे?" ताईंनी विचारलं.

हातात पेन ड्राइव्ह होता. तोफवाल्यांनी मूठ मिटली.

"माफी मागायला आलात की कामाला?"

मला वाटलं, ते दोन्ही म्हणतील. मी असतो तर तेच म्हटलं असतं. पण तोफवाल्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मूठ उघडली.

"कामाला," ते म्हणाले. "काम अडलं नसतं तर आलो नसतो."

ताईंनी पेन ड्राइव्ह घेतला, लावला. पहिला फोटो उघडला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. मग दुसरा, मग तिसरा. पडद्यावर मुख्याध्यापिका आल्या. ताईंचा हात माउसवर थांबला.

"ही शाळा होय," त्या म्हणाल्या.

शेजारच्या दुकानात कुणीतरी टाळं काढत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"ते काम मिळालं असतं तर मी लॅब सोडणार होते," ताई पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "नाही मिळालं. सहा महिन्यांनी लॅबच बंद झाली. तुम्ही काही माझं आयुष्य बुडवलं नाही, तेवढे मोठे नाही तुम्ही. पण एक सांगते. लॅबमध्ये चौदा वर्षं तुमचे फोटो माझ्याकडे यायचे. निम्मे अंधारात काढलेले. मी एकेक उजळून द्यायचे. तुम्हाला वाटायचं तुमची लेन्स भारी. मी कधी कुणाला बोलले का?"

तोफवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि एवढा धिप्पाड माणूस त्या छोट्या स्टुलाच्या मागे सरकून उभा राहिला, अंग चोरून.

"नाही बोललात," ते म्हणाले.

"आठ दिवस लागतील. हातानं काढावे लागतात, एकेक चेहरा. आणि अल्बमवर माझं नाव घालायचं. कशासाठी ते त्या मुख्याध्यापिकांना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

"सांगतो."

"कॅमेरा द्या इकडे." त्यांनी तो घेतला, दोन बटणं दाबली आणि परत दिला. टिक आवाज सुरू झाला होता.

अल्बम घेऊन तोफवाले मुख्याध्यापिकांच्या घरी एकटेच गेले. मला म्हणाले, "तू नको. तू असलास की मी त्यातही काहीतरी गंमत करीन." त्यांनी सगळं सांगितलं: उशी, आवाज, पट्टे, चौदा वर्षं. मुख्याध्यापिकांनी पहिल्या पानावरचं ताईंचं नाव बोट ठेवून दोनदा वाचलं. मग आत जाऊन आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. ताईंच्या खोलीचा पत्ता मागून घेतला. गेल्या का, मला माहीत नाही. पण पुढच्या वर्षी शाळेचं काम नव्या मुख्याध्यापकांनी ताईंना दिलं, हे खरं. तोफवाल्यांना कुणी बोलावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

तो किस्सा मग दुकानात पुन्हा निघाला नाही. एकदा दुसऱ्याच एका फोटोग्राफरनं काढला, "तोफवाले, ते खेळण्याचं सांगा ना," म्हणून. तोफवाले म्हणाले, "ते मी चुकीचं केलं होतं," आणि उठून गेले. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी काच कापत होतो, मी मान वर केली नाही. माझं हसणं कुणी मोजलेलं नाही, पण मला ठाऊक आहे.

यंदा शाळेच्या खेळांच्या दिवशी दोन मैदानांवर एकाच वेळी शर्यती होत्या. ताईंना दुसरा माणूस हवा होता. त्यांनी फोन कुणाला करावा? तोफवाल्यांना. वहिनी सांगत होत्या, फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तिथंच उभे होते, आणि मग विचारलं, "इस्त्रीचा शर्ट आहे का?"

मैदानावर ताईंनी त्यांना नव्या मुख्याध्यापकांपुढे नेलं आणि म्हणाल्या, "हे माझ्याबरोबर आहेत." एवढंच. तोफवाले पुढच्या, त्या खेळण्याबद्दलच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले. पुढचं वाक्य आलंच नाही. ताई हातानं दाखवत म्हणाल्या, "तुम्ही तिकडे, दोरीच्या मागे. मुलांच्या पालकांना दिसलं पाहिजे, आडवं नाही उभं राहायचं."

"हो," तोफवाले म्हणाले, आणि दोरीच्या मागे जाऊन खाली बसले. पहिल्या शर्यतीचा एकही फोटो त्यांना धड घेता आला नाही, इतकी शरम दाटून आली होती, असं ते मला म्हणाले. दुसऱ्या शर्यतीपासून जमलं.