पऱ्हाटीच्या तक्त्यातली भोकं

समस्त सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांत, यवतमाळात, भर मे महिन्यात, मी एका धडधाकट तक्त्याला ज्वारीच्या दाण्याहून लहान भोक पाडलं. ऐकणाऱ्यांनी उभं राहण्याची गरज नाही.

तक्ता माझाच होता. राळेगावकडे शेती असलेल्या साळ्याकडून पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं, आणायच्या, त्यांचे धागे सोलायचे, रेझिनमध्ये बसवायचे आणि भट्टीत भाजून त्यांचा फळीसारखा तक्ता करायचा, हे माझं डॉक्टरेटचं काम.

"भाऊजी, कापूस कोणी घेऊन नाही राह्यलं, अन् तुम्ही पऱ्हाटीच्या मागं लागले!" साळा म्हणायचा. "काहून? चुलीले काय लावाव आम्ही?"

तक्ता थंड होताना रेझिन आकसतं, धागा तेवढा आकसत नाही. दोघं एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे ओढाताण आतच कोंडून राहते. वरून दिसत काही नाही. तक्ता एक दिवस आपोआप वाकतो किंवा तडकतो. ही ओढाताण मोजायची युक्ती मोठी खट्याळ आहे. तक्त्यावर पापुद्र्याएवढ्या तीन संवेदक पट्ट्या चिकटवायच्या आणि मधोमध बारीक भोक पाडत जायचं. भोकाभोवतीचा ताण सुटतो, तक्ता केसाहूनही कमी सरकतो, आणि पट्ट्या ते मीटरवर सांगतात.

माझ्या पट्ट्या मात्र रोज वेगळंच सांगत. शेवटी नागपूरहून परीक्षक आले. अत्यंत शुद्ध बोलणारे, शर्टाचं वरचं बटणही लावलेले. म्हणाले, "एकाच तक्त्यावरच्या दोन भोकांची मापं माझ्यासमोर जुळली पाहिजेत. अन्यथा आपली नोंदणी रद्द करण्याची शिफारस मला करावी लागेल."

तक्त्यावर तीन जागी पट्ट्या चिकटवल्या होत्या. आणखी पट्ट्या आणायला ना वेळ होता, ना पैसा.

पहिलं भोक सुरू केलं. पाहुणा घामाघूम झालेला पाहून आमच्या प्रयोगशाळेतल्या भाऊंनी चाकावरचा कूलर त्यांच्याकडे वळवला.

"छे छे, काम ते करत आहेत," म्हणत परीक्षकांनी तो माझ्याकडे वळवला.

"असं कसं सर, तुम्ही पाहुणे!" मी तो परत वळवला.

"साहेब, लाजू नका जी," भाऊंनी तो आणखी जवळ सरकवला.

मीटरवरचा आकडा उड्या मारत होता. मी ड्रिल उचललं. आकडा तरीही उड्या मारतच होता! भोक पाडणं थांबलेलं, मग हा कोणासाठी नाचतोय? तेवढ्यात परीक्षकांनी पुन्हा कूलर माझ्याकडे फिरवला आणि आकडा सपकन खाली आला.

मी अक्षरशः टेबलावर थाप मारली. गार झोत आला की तक्ता आकसत होता, झोत गेला की फुगत होता. इतके महिने मी ताण नव्हे, आमच्या कॉलेजचं आदरातिथ्य मोजत होतो! कोणी डोकावलं की कूलर त्याच्याकडे वळवणारा मीच होतो.

पहिलं भोक वाया गेलं. उरल्या दोनच जागा.

"कूलर बंद. पंखा बंद. खिडक्या लावा," मी नाटकातल्या राजासारखा हुकूम सोडला.

भाऊ हादरले. "अवो सर, पाहुण्याले उकडून मारता का?"

"बंद!"

मग ती खोली भट्टी झाली. मी ड्रिल किंचित उतरवायचो, उचलायचो, तक्ता निवेपर्यंत थांबायचो, मगच आकडा लिहायचो. परीक्षकांचं पहिलं बटण सुटलं, मग दुसरं. भोक संपेस्तोवर ते बनियनवर आले होते. भाऊ दारात पाठ टेकून देवाचं नाव घेत होते. तिसऱ्या जागेवर ड्रिल टेकवलं तेव्हा माझ्या नाकावरून घाम ओघळत होता. तो तक्त्यावर पडू नये म्हणून परीक्षकांनी आपला रुमाल माझ्या नाकाखाली धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

शेवटचे आकडे आले. मी दोन्ही भोकांची मापं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि बाजूला झालो. परीक्षक चष्मा पुसून फळ्याजवळ गेले. एकेका आकड्यावर बोट ठेवत खालपर्यंत आले, पुन्हा वर गेले. मग गर्रकन वळून त्यांनी भाऊंना कडकडून मिठी मारली आणि ओरडले,

"अबे, जुयलं ना बे!"