पहिला पेला

किसन साळव्यांच्या हॉटेलच्या कुलपावरचं लाखेचं सील मी फोडलं, तेव्हा बाहेर अर्धा बाजार जमला होता. साळवे धुतलेला शर्ट घालून शेजारी उभे होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो उन्हाळा. कॉलरा देशोदेशी फिरत आमच्याही भागात पोचला होता. मी सॅनिटरी इन्स्पेक्टर. नेवाशाजवळच्या त्या गावात दोघांना लागण झाली आणि तक्रार आली, दोघेही साळव्यांकडे चहा प्यायले होते. चौकशी होईपर्यंत हॉटेल बंद. चौकशी मीच केली. दोघेही नदीतल्या झिऱ्याचं पाणी पीत होते, दोष तिथे निघाला. साळव्यांच्या रांजणातलं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले, ते पिवळं झालं. म्हणजे त्यात क्लोरीन होतं, पाणी चांगलं होतं.

बंद केलेलं हॉटेल पुन्हा उघडताना आमचे साहेब लोकांसमोर तिथल्या पाण्याचा पहिला पेला पीत. असा काही लेखी नियम नव्हता, पण त्याशिवाय गिऱ्हाईक फिरकत नसे. साथीमुळे समोरचं हॉटेलही बंद ठेवलं होतं; त्याच सकाळी ते उघडलं, तेव्हा साहेब पाणी प्यायले, वर चहाही घेतला.

साळव्यांनी पेला पुढे केला. "घ्या, सायेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आज माझा निर्जळी उपास आहे."

गर्दीत कोणीतरी फिदीफिदी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साळवे बौद्ध, मीही बौद्ध. मी त्यांच्या हातातला पेला घेतला आणि घटाघटा प्यायलो.

"त्यांचंच मानूस हाय ते," मागून आवाज आला. "त्यो पिनारच की!"

गर्दी समोरच्या हॉटेलात शिरली. साळव्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. खरं तर साहेबांचा राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि ती मलाच का यावी, हे मला आजही कळलेलं नाही.

जीपमध्ये साहेब म्हणाले, "रिपोर्ट करा. हॉटेल पूर्ववत सुरू."

"सर, आत एकही गिऱ्हाईक नाही."

"गिऱ्हाईक आणणं आपल्या खात्याचं काम नाही."

पावसाळ्याआधीच साळव्यांनी भांडी विकली. पुढे नगरच्या बाजारात दिसले, पाठीवर पोतं होतं. मी नजर चुकवत होतो, तर त्यांनीच हाक मारली. "तुमी का मान खाली घालता, सायेब? तुमी पिला हुता की."

त्यानंतर एकामागून एक साहेब बदलत गेले. कुठलंही हॉटेल उघडायला निघण्याआधी मी प्रत्येकाला हसत विचारून घ्यायचो, "आज उपास नाही ना, सर?" विचारताना माझेच कान तापायचे.