न बदललेलं बघा

मी एका लॉटच्या नोंदीत फक्त गोदामातल्या रॅकचा नंबर दुरुस्त केला आणि ऐटीत चहाला निघालो. मागून हाक आली, “भाऊ, बदललेलं सगळेच बघतात. न बदललेलं बघितलं का?”

चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे भाग बनतात. त्यांच्या नोंदींचा डेटाबेस या बाई सांभाळायच्या आणि हे वाक्य दिवसभर म्हणायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. आम्ही पाठीमागे त्यांना भित्री भागूबाई म्हणायचो. मूळच्या मोशीच्या. एरवी बोलणं साफ, पण घाबरल्या की गावच्या बोलीवर यायच्या.

सगळ्यात मोठी भीती ट्रिगरची. ट्रिगर म्हणजे डेटाबेसला आधीच देऊन ठेवलेली सूचना: नोंदीत काहीही बदललं की अमुक कॉलम तू आपोआप भर. आमचा ट्रिगर चाचणीचं माप बघायचा आणि माप बसलं की ‘स्थिती’च्या कॉलममध्ये ‘पास’ लिहायचा. आम्हाला त्याचं कोण कौतुक! बाई म्हणायच्या, “न सांगता काम करणाऱ्याचं मला भ्या वाटतं.”

त्या दिवशी वैतागून मी ती नोंद पुन्हा उघडली. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

“हितं ‘थांबवा’ व्हतं न्हाई का, भाऊ?”

होतं. त्या लॉटमध्ये बारीक तडे सापडले होते, म्हणून तपासणीवाल्यांनी सकाळीच हातानं ‘थांबवा’ लिहिलं होतं. मी रॅक बदलला, तसा ट्रिगर जागा झाला. माप तर बरोबर होतं. तड्यांचं त्याला काय कळणार? त्यानं इमानदारीत ‘पास’ लिहून टाकलं.

गोदामात फोन केला, तर ‘पास’ बघून त्यांनी माल गाडीत चढवलेला. गेटवर फोन लागेना. बाई ओढणी खोचून धावत सुटल्या, मागे पोट सावरत मी. गाडी गेटमधून निघतच होती. बाई सरळ तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

“हलवू नका! ब्रेक फुटत्याल!”

“माझे?” ड्रायव्हर दचकला.

“कुणाचे ते ठाऊक न्हाई, म्हणून तर थांबवतीय!”

माल उतरला. जागेवर येऊन बाईंनी ट्रिगरला अट घातली: हातानं थांबवलेल्या मालाला शिवायचं नाही.

“सुटलो,” मी म्हणालो.

“आन् बाकीचे लॉट?” म्हणत त्या पुन्हा एकेक नोंद उघडत बसल्या.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. सगळं आपोआप चालतंय तर माणूस कशाला, असं वरून उत्तर आलं. मी घरी हे हसत हसत सांगत होतो. बायको स्कूटर बाहेर काढत होती. ती चावी हातात धरून तशीच थांबली.

म्हणाली, “म्हणजे आता तिथं घाबरायला कुणीच नाही?”