नळीचं दुसरं टोक

भूपालअण्णा गेल्याचं मला उंब्रजला, बहिणीच्या घरी असताना कळलं. फोन त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा होता. "मास्तर, अण्णा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी सांगलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एसटीत मनात सारखं एकच येत होतं, की आमच्या भिंतीवरची रेघ मी पुसली ती पुसलीच राहिली. माणूस गेल्यावर असलं काही आठवावं हे बरं नव्हे, पण खरं सांगायचं तर तेच आठवलं.

अण्णा आमच्या समोरच्याच घरात राहायचे. बांधकामाची ठेकेदारी करायचे. आष्ट्यापासून पलूसपर्यंत त्यांनी लोकांची घरं बांधली आणि स्वतःच्या घराचा जिना मात्र शेवटपर्यंत बिनकठड्याचा ठेवला. मी शाळेत भूगोल शिकवायचो. त्यामुळे नदी हा माझा विषय, असा माझा समज होता. अण्णांना त्याची फार गंमत वाटायची. "मास्तर, तुमची नदी नकाशातली. आमची दारात येती," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मी चिडलो की खूश व्हायचे.

कृष्णेचं पाणी गल्लीत येऊन ओसरलं, की अण्णा लेव्हलची नळी बाहेर काढत. गवंडी वापरतात ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकं दोन भिंतींशी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. त्यांच्या दाराशी पुराचा डाग स्पष्ट उमटायचा, तिथं ते एक टोक धरत. दुसरं टोक माझ्याकडे. "आलं का?" ते ओरडत. पाणी हलायचं थांबलं की मी म्हणे, "आलं," आणि पेन्सिलीनं खूण करी. मग त्यावर लाल ऑइलपेंटची रेघ. भिंती धुतल्या की लोक पाणी विसरतात, असं अण्णांचं म्हणणं. आम्ही गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांना रेघ मारली. काही घरमालकांनी कुरकुर केली, पण अण्णांपुढे कुणाचं चालत नसे.

आणि त्या रेघेनंच आम्हाला फसवलं. मोठा पूर आला तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण रेघेकडे बघून वागला. धान्य, गाद्या, टीव्ही सगळं रेघेच्या हातभर वर चढवलं आणि निवांत घरातच बसलो. घर सोडा म्हणून सांगायला आलेल्या पोरांना अण्णांनीच परत पाठवलं. "मागच्या बारीला हितवरच आलतं. रेघेच्या वर ठेवा, काय हुत न्हाई." पाणी रेघेवर आलं आणि चढतच राहिलं. माझी आयुष्यभराची पुस्तकं आणि हातानं काढलेले नकाशे त्यात गेले. नावेतून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा अण्णा माझ्या शेजारी पाय पोटाशी घेऊन बसले होते. "लय चुकलं, मास्तर," ते म्हणाले.

पूर ओसरल्यावर त्यांनी पुन्हा नळी काढली. नवी रेघ मारली आणि या खेपेला प्रत्येक रेघेखाली स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'ह्याच्याही वर येऊ शकतं.'

पुढं नदीकाठानं पूरसंरक्षक भिंत बांधायची चर्चा सुरू झाली आणि गाव दोन गटांत वाटलं गेलं. मी भिंतीच्या बाजूनं होतो. पुस्तकं भिजलेला माणूस दुसरं काय म्हणणार? अण्णा विरोधात. त्यांची बहीण नदीपल्याडच्या गावात दिलेली. "भिंत बांधा की. पर अडवल्यालं पाणी कुणाच्या घरात जाणार, त्ये बी सांगा. आनि आपल्या नाल्याचं पाणी भिंतीच्या आत तुंबलं तर त्ये काय वाटीनं उपसणार हाय व्हय?" प्रश्न बिनतोड होते. म्हणूनच मला राग येई.

नागरिकांची सभा दुपारी होती, ती लांबत गेली. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. त्या दिवशी बोलायची पाळी येईना म्हणून ते थांबले. सूर्य बुडाला, जेवण राहिलं, आणि मग ते उठले. दोन वाक्यंही झाली नसतील, मी मागून मोठ्यानं म्हणालो, "ज्यांच्या रेघेवर विसंबून आमचे संसार भिजले, त्यांनी आता भिंतीवर बोलू नये." सभा हसली. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, माइक खाली ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे चहाला आले. भाजीचे भाव, गुडघेदुखी, सगळं बोलले. नदीबद्दल मात्र माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मला त्याचाही राग आला. दिवाळीच्या रंगकामात मी ती रेघ, खालच्या अक्षरांसकट, रंगाखाली घातली. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. ते भांडतील म्हणून मी वाट बघत राहिलो... नाही भांडले. माफी मागायची तर रोजच संधी होती, चहा तर रोज होत होता.

गेल्या आठवड्यात मी लाल रंगाचा डबा घेऊन समोर गेलो. नदीकाठची भिंत व्हावी असं मला आजही वाटतं, पण रेघ हवी होती. वहिनींनी जिन्याखालून नळी काढून दिली. मी सभेचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिशी उपाशीच झोपले. मी इचारलं तर म्हणले, मास्तर बोलले त्ये खरंच हाय. पर मला एकट्याला सांगाय पायजे हुतं."

वहिनींनी पदर खोचला, नळीत पाणी भरलं आणि एक टोक अण्णांच्या दाराजवळच्या रेघेशी धरून उभ्या राहिल्या. मी दुसरं टोक घेऊन गल्ली ओलांडली आणि आमच्या कोऱ्या भिंतीशी धरलं. पाणी थोडा वेळ वरखाली झालं.

"आलं का?" समोरून वहिनींनी विचारलं.

पाणी केव्हाच थांबलं होतं. मला मात्र "आलं" म्हणायला बराच वेळ लागला.