गाव बुडवणारा हिरो

मंडळी, आज दुपारी नात पिंकीचं चित्रांचं जाड पुस्तक वाचलं. त्यातला उडणारा हिरो शहर वाचवायला नदी वळवतो आणि एक गाव बुडवतो.

"पिंके, यानं गाववाल्यांले विचारलं काऊन नाई?"

"आबा, टाइम कुठं होता? लाखो लोक वाचले ना!"

"आमालेबी हेच सांगतलं होतं."

आमचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की आम्ही अजून आपापली विहीर पाहायला जातो. पण त्याच धरणाचं पाणी आज माझ्या नळाला येतं, म्हणून हिरोला वाईटही म्हणवत नाही.

"मले उद्या कॉलेजात या पुस्तकावर बोलाचं हाय. तुमीच या मंग बोलाले," पिंकी म्हणाली.

मी जेमतेम चौथी शिकलेलो. तरी जाणार आणि विचारणार: एवढं जाड पुस्तक, मग बुडणाऱ्या गावातला एकही माणूस त्यात बोलत कसा नाही?