लेसिबा बसायचं विसरला

रविवारच्या बैठकीसाठी वजडी धुवायची म्हणजे माझी शनिवारची अख्खी सकाळ जाते. बत्तीस सभासद होते तेव्हा मी ती हसत धुवायचे. आता नऊ उरलेत, वजडी कमी लागते आणि कंबर जास्त दुखते. हा जॅझ क्लब आमच्या बाबांनी मामेलोडी वस्तीतल्या आमच्या याच अंगणात सुरू केला, म्हणून तो माझ्या गळ्यात. दर रविवारी दुपारी म्हातारे दोन रंगांचे बूट चमकवून येतात, जुन्या रेकॉर्ड ऐकतात, नाचतात आणि जेवून जातात.

नाचायचा नियम कडक आहे. प्रत्येकाचं वाद्य ठरलेलं. रेकॉर्डवर त्या वाद्याचा सोलो सुरू झाला की त्याने उठायचं, आणि संपला की लगेच बसायचं. दुसऱ्याच्या सोलोवर नाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. यावरून आमच्याकडे ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात.

माझा धाकटा भाऊ लेसिबा अडुसष्ट वर्षांचा झाला, तरी गल्लीत त्याला अजून रॉकवाला म्हणतात. बाबा ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्याच बँडमध्ये मालेसेला मामा डबल बास वाजवायचा, ते माणसाएवढं, जाड आवाजाचं तारांचं वाद्य. मामा रक्ताचा नव्हे, पण लेसिबाला बोटं कुठे ठेवायची ते त्यानेच शिकवलं. अठराव्या वर्षी हे रत्न कुठून तरी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलं आणि घराच्या काचा थरथरायला लागल्या. बाबा म्हणाले, "भांडी पडल्यासारखं वाजवतोस. हा गोंगाट एक दिवस तुझे कान खाईल."

म्हाताऱ्यांनी ते वाक्य पाठ करून ठेवलं आणि पन्नास वर्षं त्याला ऐकवलं. पण लेसिबाच्या बँडची एकुलती एक रेकॉर्ड निघायची होती आणि त्याचा बासवाला ऐन वेळी पळाला, तेव्हा मालेसेला मामाच पावाच्या गाडीत आपलं वाद्य आडवं घालून स्टुडिओत हजर झाला. "भांडी तर भांडी," म्हणाला, "पण खाली चूल नीट पेटलेली हवी ना!" पुढे तो बँड मोडला, बायको गेली, आणि लेसिबा दोन गिटारी घेऊन माझ्याकडे राहायला आला. बाबा गेल्यावर क्लबने त्यांची खुर्ची आणि ट्रम्पेटच्या सोलोवर नाचायचा मान त्याला दिला. तो रॉक वाजवत राहिला, पण रविवार कधी चुकवला नाही.

मग बाबांचं बोलणं खरं झालं. आधी किटलीची शिटी त्याला ऐकू येईना, मग पाखरं. दवाखान्यातली बाई म्हणाली, बारीक आवाज आधी जातात, जाड शेवटी. घरी येताना त्याने मला रस्त्यातच थांबवलं.

"ताई, क्लबात एक अक्षर काढायचं नाही."

"का? त्यांचेही गुडघे गेलेत, दात गेलेत. तुझे कान गेले तर काय आभाळ कोसळलं?"

"बाबा बरोबर होते असं म्हणतील. पन्नास वर्षं मी चूक होतो असं होईल."

या हट्टाला काय म्हणावं? मी गप्प बसले. खरं तर थकले होते, भांडायचा जोर नव्हता.

मार्च महिन्यात एका रविवारी चेअरमन माशाबांनी बाबांच्या बँडची रेकॉर्ड लावली. तिच्यात आधी बाबांचा ट्रम्पेटचा सोलो आहे आणि लगेच मामाचा बासचा. मामा पंच्याऐंशीचा. त्या दिवशी त्याला दोघांनी धरून आणलं होतं. त्याची मुलगी महिनाअखेरीस त्याला गावी, लिम्पोपोला नेणार होती, कायमचं. स्वतःच्या सोलोवर एकदा उभं राहायचं म्हणून तो आला होता.

लेसिबा वेळेवर उठला आणि छान नाचला. ट्रम्पेट संपलं. बास सुरू झाला. मामा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन कसाबसा उभा राहिला, आणि लेसिबा नाचतच होता. डोळे मिटून, अगदी शेवटपर्यंत. मामा थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग खाली बसला.

माशाबांनी सुई उचलली. "रॉकवाल्यांना कुठे थांबायचं ते कधी कळलंय?" ते म्हणाले. मामा मला म्हणाला, "मोखादी, मला घरी पाठव." वजडी त्याने तोंडातही घातली नाही. लेसिबा खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

पुढचे दोन रविवार तो बाहेर आला नाही. मामाही आला नाही. तिसऱ्या शनिवारी मी वजडीची परात तशीच ठेवून लेसिबाच्या समोर बसले आणि मोठ्याने, शब्द शब्द सुटा करून बोलले.

"येत्या मंगळवारी मामा जातोय. पंच्याऐंशीचा माणूस परत येत नसतो. तू आपले कान लपवत बस, त्याला वाटू दे की तू त्याच्या ताटात हात घातलास. मी काही सांगणार नाही. माझी कंबर दुखतेय."

रविवारी मामाला त्याच्या मुलीने बळेच आणलं. लेसिबा बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत मामापुढे उकिडवा बसला.

"मामा, मला ट्रम्पेट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. बाबांचा सोलो मी आठवणीने नाचतो."

मामाने त्याच्याकडे पाहिलं. "मग बसला का नाहीस?"

"तुझा बास आला. तो ऐकू येतो मला, सिमेंटमधून तळपायात येतो. किती दिवसांनी काहीतरी खरंखुरं ऐकू आलं, मामा. मला बसवेना."

माशाबा नुसते टोपी हातात फिरवत राहिले. मग मामा म्हणाला, "म्हणजे तुझा बाप बरोबर होता."

"होता."

"अख्ख्या जन्मात एकदाच बरोबर होता तो. लावा रे रेकॉर्ड!"

त्याने लेसिबाला आपल्या खुर्चीला लागून उभं केलं आणि त्याचं मनगट धरलं. ट्रम्पेट वाजू लागलं तसा एकेक सूर तो त्याच्या मनगटावर बोटांनी ठोकत गेला, आणि लेसिबा त्यावर नाचला. शेवटचा बारीक सूर विरला तेव्हा मामाने मनगट घट्ट दाबलं. लेसिबा तिथेच खाली बसला.

बास सुरू झाला. मामाने उठायचा प्रयत्न केला, एकदा आणि पुन्हा एकदा. पाय उठले नाहीत.

"जा, नाच," तो लेसिबाला म्हणाला.

"दुसऱ्याच्या ताटात?"

"मीच वाढून देतोय ना!"

लेसिबा बूट काढून अनवाणी नाचला. मामाचे हात मांडीवर होते, या वेळी त्याने काही खूण केली नाही. मी हातात पळी धरून उभी होते आणि मला रडू आवरेना. सोलो संपला त्या क्षणाला, ना आधी ना नंतर, माझा भाऊ खाली बसला.