धोंड्याचा जावई आणि आखातातली भावकी

विहीणबाईंच्या ताटात पोळी पडली आणि मी बोलून बसलो, "आता शेजारचा देशबी लढाईत उतरणार बघा. करारच हाय त्यांचा, एकावर हल्ला म्हंजे दोघांवर!"

त्यांनी घास खाली ठेवला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा जावई, आखातात नोकरीला. धोंड्याच्या महिन्यात आमच्याकडे अंथुर्ण्याला जेवायला यायचा होता, तर तिथं हल्ला होऊन लढाई पेटली आणि तिथली विमानं बंद. म्हणून तो सकाळीच गाडीनं निघाला होता. सीमा ओलांडायची आणि शेजारच्या देशातून विमान पकडायचं. तो देश लढाईत उतरला की ही वाटही बंद. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी बोललो. आठवडाभर टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचं असंच होतं.

सावरायला गेलो, "म्हंजे, एका धर्माची, एका भाषेची माणसं. भावकीच की ती!"

"भावकी?" बायकोनं उलथनं तसंच हातात धरलं. "पाइपलाइनीवरनं शेजाऱ्याशी तुमचं वाजलं, तवा कुठं हुती तुमची भावकी?"

खरं होतं. माझा चुलतभाऊ चारचौघांत म्हणाला होता, "दादा, मी तुझ्या पाठीशी हाय." आणि भांडणाच्या दिवशी बारामतीला निघून गेला. पण शेजाऱ्यानं रस्ता अडवल्यावर माझा ऊस निघाला तो या चुलतभावाच्याच रानातून. ते मी सोयीनं विसरलो होतो.

तेवढ्यात टीव्हीवर त्या शेजारच्या देशाचे परराष्ट्रमंत्री आले. आम्ही आमच्या भावाच्या पाठीशी खंबीर उभे आहोत, म्हणाले. विहीणबाईंनी डोळे मिटले. मी ताटावरून उठलोच. "पुढं? आरं, पुढं बोल की!"

पुढं सैन्याचं नावच नाही! सीमा उघडी राहील, अडकलेल्यांना वाट देऊ, एवढंच. मी खरकट्या हातानं नाचायला लागलो, "बारामतीला गेला! बारामतीला गेला!"

"कोण? आमचा बाळ?" विहीणबाई धडपडत उठल्या.

मी समजावतोय तोवर फोन वाजला. जावईच. "मामा, आलो पलीकडं! शिपायानं पाण्याची बाटली दिली, म्हणाला, जा आता घरी."

विहीणबाई रडत हसत होत्या. मी सगळ्यांना आखाताचं राजकारण पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. बायकोनं टीव्ही बंद केला.

"जावई आले की पहिल्या घाण्याचे धोंडे आधी चुलत भावजींकडं द्यायचे," ती म्हणाली. "आन् तुमीच जायचं घेऊन. त्यांच्या रानातनं जावा, वाट अजून उघडीच हाय."